खालचं तांबं

“ती? अगं, ती कॉन्व्हेंटची बाहुली आहे. बघते कुठे, नुसती मान हलवते.”

माझे ऑफिसमधले सीनियर हे त्यांच्या बायकोला सांगत होते. आमचा कॉल संपला असं समजून ते खुर्चीतून उठले होते आणि माइक बंद करायचा राहून गेला होता. बायकोने एवढंच विचारलं होतं, की तुमचं काम ती मुलगी नीट तपासते का. मी नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातल्या माझ्या खोलीत हेडफोन लावून तशीच बसून राहिले.

लॉकडाउनमुळे सगळं काम घरून चालायचं. काचघरांतल्या टोमॅटोंवर नजर ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी आम्ही दोघं सर्किट बोर्ड आखायचो. ते पुण्याचे, चाळिशीतले. मी मुंबईची, पहिल्याच नोकरीत. “सर काय, दादा म्हण,” असं त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग लांबीचे आकडे ते मला मुद्दाम मराठीत सांगायला लागले. “एकोणसाठ मिलिमीटर.” मी विचारायचे, “फिफ्टी नाइन?” लगेच ते टीममधल्या बाकीच्या भारतीयांना हिंदीत म्हणायचे, “मॅडम के लिए एक ट्रान्सलेटर रख लो.” सगळे हसायचे. माझा कॅमेरा चालू असायचा, म्हणून मीही हसायचे.

दोघांचेही करार उन्हाळ्यात संपत होते. काम कमी झालंय, एकालाच ठेवता येईल, असं आमच्या डच मॅनेजरने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. नोकरी गेली की इथे राहायचं परमिटही जाणार, हे त्याला सांगावं लागलं नाही.

एकाने आखलेला बोर्ड दुसऱ्याने तपासायचा, अशी आमच्याकडे रीत होती. दुसऱ्याने ‘तपासलं’च्या चौकटीत खूण केली की फाइल थेट कारखान्यात जायची. तो माइक चालू राहिला त्याच दिवशी दुपारी दादांची फाइल माझ्याकडे आली आणि चूक मला पाच मिनिटांत दिसली.

व्हिडिओचा सिग्नल तांब्याच्या दोन जोडरेघांमधून धावतो. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या लागतात आणि त्यांच्या खालच्या थरात तांब्याचा अखंड पत्रा लागतो, कारण प्रवाह परत येतो तो त्या पत्र्यातून. दादांच्या रेघा नेहमीसारख्या देखण्या होत्या. पण मॅनेजरच्या सांगण्यावरून त्यांनी ऐनवेळी एक चिप सरकवली होती, आणि तिला वीज पोचवायला खालचा पत्रा चिरला होता, नेमका सिग्नलच्या खाली. शिकाऊ माणसाची चूक. सॉफ्टवेअर फक्त रेघांमधली अंतरं मोजायचं, त्यामुळे त्याने काही तक्रार केली नव्हती. सकाळच्या कॉलवर त्यांची मुलगी मागे रडत होती. घाईत झालं असणार.

मी शेरा लिहिला. एकच वाक्य. मग खोडला. चहा करून आले आणि चौकटीत खूण केली.

सहा आठवड्यांनी त्या बोर्डाचे पाच नमुने पोस्टाने घरी आले. मी पहिला जोडला. स्क्रीनवर आधी टोमॅटो दिसले, मग पांढरे ठिपके, मग नुसता काळोख. पुढचे चारही बोर्ड तसेच. मीटिंगमध्ये मॅनेजरने ती चीर मोठी करून दाखवली आणि मला विचारलं, “तुला हे दिसलं नाही?” मी नकारार्थी मान हलवली. ते त्याला पुरलं. नवख्या मुलीकडून हे सुटलं तर समजू शकतो, म्हणाला. पंधरा वर्षांच्या अनुभवी माणसाकडून नाही.

दोन दिवसांनी दादांचा फोन आला. त्यांचा करार वाढणार नव्हता. मुलीला शाळेतून काढायचं होतं, घर आवरायचं होतं, विमानं कधी सुरळीत होतील याचा पत्ता नव्हता. हे सगळं सांगून झाल्यावर ते मऊ आवाजात म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तुला कसं दिसणार होतं? मी मॅनेजरलाही सांगितलंय, पोरीला सांभाळून घ्या म्हणून.”

आभार मानून फोन ठेवता आला असता. गप्प राहण्याची मला सवयही होती. पण त्यांनी माझी कीव करावी, तीही ‘हिला कसं दिसणार’ म्हणून, एवढं मात्र मला सोसलं नाही.

“दादा,” मी म्हणाले, “मला दिसलं होतं.”