चोवीस ओळींचं विरजण

नव्वदच्या दशकात मी जळगावच्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेचा सहायक होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. वडील रावेरकडे केळीच्या बागांत कामाला जात. मुलगा उन्हाळ्यात कूलरसमोर बसून काम करतो, याचं त्यांना इतकं अप्रूप, की आल्यागेल्याला ते आधी कूलरबद्दल सांगत आणि मग संगणकाबद्दल.

प्रयोगशाळेत हिरव्या अक्षरांची जुनी टर्मिनलं होती. आडवी ऐंशी अक्षरं, उभ्या चोवीस ओळी. त्यांना दुसरं मापच ठाऊक नव्हतं. मग संस्थेने एक नवं यंत्र घेतलं. त्याच्या रंगीत पडद्यावर खिडक्या उघडत आणि त्यातल्या एका काळ्या खिडकीत आम्ही कमांड देत असू. माउसने कोपरा धरून ती खिडकी हवी तेवढी ताणता येई. पहिल्या दिवशी मी काम सोडून नुसती तीच ताणत आणि मिटवत बसलो होतो.

पण खिडकी ताणली तरी ज्यात आम्ही मजकूर लिहीत असू तो एडिटर वरच्या चोवीस ओळींतच अंग चोरून बसे, खालचा भाग काळा ठिक्कर. खिडकी लहान केली तर त्याहून पंचाईत. ओळी एकमेकींवर चढत, कर्सर एकीकडे दिसे आणि अक्षर भलतीकडे उमटे. मुलं वैतागून पुन्हा जुन्या टर्मिनलांवर जाऊन बसू लागली.

ही बातमी धुळ्याला पोचली. आमच्याच संस्थेच्या तिथल्या महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळणारे एक वडीलधारे गृहस्थ होते, त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांनी आमच्या विभागप्रमुखांना फोन केला. "तुमच्या पोरांना झेपत नसेल तर पाठवा इकडे. यंत्राला पण जरा महामार्गाची हवा लागेल."

सरांनी मला बोलावलं. "शनिवारी नाना टेम्पो घेऊन येतायत. तोवर खिडकी सुधारली तर यंत्र आपलं."

मी टर्मिनलच्या प्रकाराची वेगवेगळी नावं देऊन पाहिली. जाडजूड माहितीपुस्तकं चाळली. यंत्राला खिडकीचं माप विचारलं, तर ते दर वेळी अचूक सांगे. म्हणजे यंत्राला सगळं कळत होतं, एडिटर मात्र त्याचं ऐकत नव्हता. का, ते काही मला सुचेना.

शुक्रवारी संख्याशास्त्राच्या नव्या मॅडम आल्या. त्यांना यंत्रावर खातं हवं होतं. मी खातं उघडलं, त्या बसल्या, आणि एडिटर उघडून त्यांनी सहज खिडकी ताणली. मजकूर खिडकीबरोबर खालपर्यंत पसरला. माझं लक्षच नव्हतं. मी म्हटलं, "थांबा मॅडम, तुमच्याकडे सुरुवातीची फाइल टाकायची राहिली."

ही आमच्या प्रयोगशाळेची रीत होती. लॉगिन केल्याबरोबर यंत्र जी फाइल वाचतं, ती कुणी स्वतः लिहीत नसे. नवा माणूस आला की शेजारच्याची उचलून द्यायची. मला माझ्या आधीच्या सहायकाने दिली, मी मुलांना दिली. शेजारणीकडून वाटीभर विरजण आणावं तशी ती घरोघर गेली होती. आत काय आहे ते कोण बघतो? दही लागतंय ना, झालं.

मी फाइल टाकली आणि त्यांना पुन्हा लॉगिन करायला लावलं. मॅडमनी खिडकी ताणली. मजकूर चोवीस ओळींवर अडला.

"आत्ता तर बरी चालत होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही काय केलंत?"

मी त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "मॅडम, तुम्ही उठू नका," एवढंच म्हणालो आणि ती फाइल पहिल्यांदाच नीट वाचायला घेतली. मधोमध दोन ओळी होत्या: पडद्याच्या ओळी चोवीस, अक्षरं ऐंशी. लिहिणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. जुनी टर्मिनलं स्वतःचं माप सांगत नसत, म्हणून त्याने ते लिहून ठेवलं होतं. आता यंत्र खरं माप सांगत होतं, पण एडिटर आधी लिहिलेल्यावर विश्वास ठेवत होता.

मी त्या दोन ओळी काढल्या आणि खिडकी ताणली. काहीच फरक नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मघाशी मला बाहेर पडून परत यायला लावलं होतंत ना?"

बरोबर होतं. ती फाइल फक्त लॉगिन करताना वाचली जाते. बाहेर पडलो, परत आत आलो, एडिटर उघडला. खिडकी मोठी केली, मजकूर पसरला. लहान केली, ओळी शहाण्यासारख्या आत सरकल्या. मॅडमना खिडकीत हसण्यासारखं काय आहे ते कळेना, पण मला हसताना बघून त्याही हसायला लागल्या.

शनिवारी सगळं बांधून तयार असेल अशा खात्रीने नाना दारातूनच अहिराणीत म्हणाले, "काय भाऊ, बठ्ठं बांधेल शे का?"

"नही नाना. आते ते आठेच राही." यंत्र आता इथून हलणार नव्हतं.

नाना खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले. त्यांनी खिडकी आडवी ताणली, उभी ताणली, पार पोस्टकार्डाएवढी केली. शेवटी माउस सोडून सरांना म्हणाले, "पोरगं बिलंदर आहे. यंत्र राहू द्या, याला टेम्पोत बसवतो."

"त्याला हात लावायचा नाही," सर म्हणाले. गेल्याच वर्षी मी त्यांच्याच वर्गात मागच्या बाकावर बसत होतो. ते वाक्य ऐकून मी उगाचच कीबोर्ड पुसायला घेतला.

जाताना नानांनी विचारलं, "आमच्याकडे कधी आलं असं यंत्र, तर आमची पोरं पण जुनीच फाइल टाकतील ना?"

मी सुधारलेली फाइल फ्लॉपीवर उतरवून त्यांना दिली. "हे नवं विरजण. पण नाना, वाटण्याआधी एकदा वाचून बघा."

त्यांनी ती खिशात ठेवली. रिकामा टेम्पो परत नेला तर धुळ्यात हसं होईल, म्हणून बाजारातून भरताच्या वांग्यांचं एक पोतं घेतलं आणि ते दोरीने असं जपून बांधलं, जणू यंत्रच नेतायत.