सासऱ्यांची बॅग, जावयाची ट्रॉली आणि पौडच्या पुढचे दोन दिवस

डिस्क गोल्फ खेळताना सामान खांद्यावरच्या बॅगेत न्यावं की चाकांच्या गाडीवर, यावर अमेरिकेतली मंडळी इंटरनेटवर पानंच्या पानं भांडत असतात. आमच्या घरी हा वाद चहा थंड व्हायच्या आत मिटला, कारण निकाल माझ्या बायकोने दिला.

"बाबांच्या खांद्यावर बॅग दिसली, तर खेळ बंद," प्रज्ञा म्हणाली. "त्यांचाही आणि तुझाही."

तिचे बाबा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. उन्हाळ्यात मामांच्या हृदयात स्टेंट बसवली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, भरपूर चालायला, पण ओझं मात्र उचलायचं नाही. मामांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेवणाच्या ताटलीएवढी प्लास्टिकची तबकडी लांबून फेकायची आणि खांबावर साखळ्या लावलेल्या टोपलीत टाकायची. जो कमीत कमी फेकींत टोपली गाठेल तो जिंकला. लांब फेकायची तबकडी वेगळी, वळवायची वेगळी, जवळून टाकायची वेगळी. त्यात पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, टोपी आणि मामांचा स्टीलचा डबा. बॅग बघता बघता गव्हाच्या पिशवीसारखी जड होते.

मला हा खेळ माझ्या सॉफ्टवेअर कंपनीने ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेला कामावर पाठवलं तेव्हा लागला. परत येताना चॉकलेटांऐवजी तबकड्या घेऊन आलो म्हणून घरी बरंच ऐकून घेतलं. रविवारी सासरी गेलो की विश्रांतवाडीच्या मैदानावर एकटाच फेकत बसायचो. मामा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून नुकते निवृत्त झाले होते. महिनाभर लांबून बघत राहिले आणि एक दिवस म्हणाले, "जरा पाहू द्या बरं." पहिलीच फेक माझ्यापेक्षा लांब गेली. तेव्हापासून आमचे रविवार ठरलेले.

आता मामांविषयी एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. ते मूळचे अकोल्याकडचे. पुण्यात चाळीस वर्षं काढून बोली बरीच पुणेरी झाली आहे, पण रागावले किंवा गहिवरले की वऱ्हाडी परत येते. आणि एक नियम त्यांनी पुण्यात आल्यावरही सोडलेला नाही: जावयाला ओझं उचलू द्यायचं नाही. मी त्यांच्या दारात स्कूटर लावली की हातातलं हेल्मेटसुद्धा ते काढून घेतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा प्रायव्हेट कंपनीतला जावई, उद्या काढून टाकला तर काय, म्हणून त्यांना झोप नव्हती. पण लग्न झालं आणि मी जावईबापू झालो. तेव्हापासून माझ्या हातात त्यांनी भाजीची पिशवी राहू दिलेली नाही.

तर, डिसेंबरात सहलीचा बेत ठरला. माझा जुना सहकारी अमोल याने नोकरीला रामराम ठोकून पौडच्या पुढे जमीन घेतली आहे आणि तिथे चक्क डिस्क गोल्फचं मैदान आखलं आहे. नऊ टोपल्या, दोन फेऱ्या मारल्या की अठरा. टोपल्या त्याने सायकलच्या रिमा आणि साखळ्या जोडून करून घेतल्या. राहायला दोन खोल्या, दोन वेळचं जेवण धरून माणशी आठशे रुपये. आधी फोन करावा लागतो आणि अमोल तो बहुधा उचलत नाही.

गाडीचा प्रश्न होताच. खेळाची खास गाडी इथे मिळत नाही. मागवायची तर तिच्या किमतीत सेकंडहँड स्कूटर येते. शेवटी प्रज्ञाने भाजीची ट्रॉली काढली. दोन चाकं, उंच दांडा आणि चौकड्यांची पिशवी अशी ती ट्रॉली आमच्या कर्वेनगरातल्या प्रत्येक सोसायटीतून सकाळी मंडईच्या दिशेने खडखडत जाताना दिसते. मी पिशवी काढून टाकली आणि सांगाड्याला बॅगा बांधायला लवचिक पट्टे लावले. दिसायला बरी झाली होती, असं माझं मत.

मामा आदल्या संध्याकाळी विश्रांतवाडीहून बसने आले, बॅग खांद्यावर मारून. प्रज्ञाने दार उघडलं आणि आधी बॅग उतरवून घेतली. मामांनी ट्रॉलीकडे पाहिलं.

"हे काय? आपण खेळायला चाललो का मेथी आणायला?"

शनिवारी सकाळी सहाला निघालो. चांदणी चौक सातच्या आत पार करा. नंतर तिथे उभं राहून माणसाला आयुष्याचा फेरविचार करायला भरपूर वेळ मिळतो. पिरंगुटपर्यंत ट्रक आणि धूळ. त्यानंतर रस्ता मोकळा होतो, डोंगर जवळ येतात आणि काचा खाली केल्या की गवताचा वास येतो. घाटाच्या अलीकडे एका टपरीवजा हॉटेलात मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव ताजे, चहा पांचट. शेजारच्या टेबलावर दोन बाइकवाली मुलं मोबाइल छताकडे धरून बसली होती.

"ब्रो, नेटवर्कच नाही यार. रिलीज आहे, मॅनेजर मारेल."

"चिल ना. सांग घाटात होतो."

मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमच्यातलेच दिसतात." मी मिसळीत लक्ष घातलं.

अमोलची जागा सुरेख आहे. उतारावर भाताची कापून झालेली खाचरं, मध्ये दगडी बांध, वर खडकाळ सड्यावर करवंदाच्या जाळ्या आणि दूर धरणाचं पाणी. पहिली टोपली आंब्याखाली, दुसरी ओढ्यापलीकडे, तिसरी थेट वरच्या खाचरात. थंडीतलं ऊन होतं. मामांनी पहिल्याच फेकीत तबकडी आंब्याच्या बुंध्यापाशी नेऊन ठेवली आणि दुसऱ्या फेकीला साखळ्या खणखणल्या तसे स्वतःशीच हसले. हा आवाज ऐकायला मी कितीही लांब जाईन.

दोघांच्या बॅगा ट्रॉलीवर होत्या आणि ट्रॉली मी ओढत होतो. सपाटीवर कौतुक करावं अशी चालत होती. मामांना मात्र चैन नव्हतं. दर फेकीनंतर दांड्याकडे हात. "द्या, मी घेतो." "नको मामा." "अहो, द्या हो." असं करत आम्ही तिसऱ्या टोपलीच्या चढाला लागलो. तिथे बांधावर चार बायका गवत कापत होत्या. त्यांच्यातल्या शेवंताबाई अमोलच्या घरी स्वयंपाकही करतात. त्यांनी विळा थांबवला.

"पावनं, ह्ये तुमचं वडील का?"

"सासरे," मी म्हणालो.

"आगं बया! जावई हाय व्हय? आन् सासऱ्याची गाडी वढतोय?"

बाकीच्या तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं, गंमत होती. पण मामांचा चेहरा मी पाहिला. ते थांबले, पट्टे सोडले, आपली बॅग काढली, वर माझीही काढली आणि दोन खांद्यांवर दोन बॅगा घेऊन चढायला लागले. मी मागून "मामा, मामा" करत रिकामी ट्रॉली घेऊन पळालो. ती दर दगडाला अडत होती.

वरच्या खाचरात पोहोचलो तेव्हा ते बांधावर बसले होते. कपाळावर घाम, ओठ कोरडे, बोलायला श्वास पुरत नव्हता. मी घाबरलो. खरं सांगतो, त्या दोन-चार मिनिटांत प्रज्ञाला काय सांगायचं याशिवाय दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही. पाणी पाजलं, बूट काढले, सावलीत नेलं. हळूहळू श्वास स्थिरावला. छातीत दुखत नव्हतं, हात जड वाटत नव्हता. तरी अमोलच्या जीपमधून पौडला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की धोका नाही, सपाटीवर हळूहळू चालायला हरकत नाही, चढावर थांबत जा आणि पुन्हा ओझं उचलाल तर माझ्याकडे येऊ नका.

संध्याकाळी ओसरीवर पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा असं जेवण होतं. मामा भाकरीचा तुकडा नुसता फिरवत बसले.

"उद्या तुम्ही अन् अमोलराव खेळा," ते म्हणाले. "मी पाहीन बसून. माझं झालं आता."

"ट्रॉली आहे ना, मामा."

"ट्रॉली कोण ओढणार? तुम्ही? मले नाही पाहवत बापा. चार लोकांत जावयाले बैलासारखं जुंपायचं, अन् मी मागून हात हलवत यायचं."

"मग तुम्ही ओढा. डॉक्टरांनी उचलायला मना केलंय, ओढायला नाही."

"म्हाताऱ्यासारखी? स्वतःची भाजीची गाडी घेऊन?" त्यांनी मान हलवली. "त्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

पंचविशीत खडकीच्या क्वार्टरमध्ये राहायला आलेला हा माणूस पाण्याच्या घागरींपासून मुलीच्या दप्तरापर्यंत सगळं आपणच उचलत आला. कोणाला "जरा धरता का" म्हटल्याचं प्रज्ञालाही आठवत नाही. तो आता घरी बसतो म्हणत होता आणि घरी बसला की काय होतं हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिलं आहे. मला फार वाईट वाटलं. भाकरीही गेली नाही.

रविवारी सकाळी मी चहाचा कप डाव्या हाताने उचलला.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. उजवा खांदा जरा धरलाय. काल जोरात फेकली ना."

"काऊन नाही सांगितलं मग?"

"तसं फेकता येईल. बॅग तेवढी नाही उचलवणार. ट्रॉलीही ओढवेलसं वाटत नाही. जाऊ दे, आज नकोच खेळायला."

खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

मामा उठले. आत जाऊन माझी बॅग आणली, ट्रॉलीवर ठेवली, पट्टे आवळले. हलवून पाहिली, एका बाजूला कलत होती. मग तोल साधायला म्हणून आपली बॅग खाली बांधली. दांडा हातात घेतला आणि म्हणाले, "चला. एवढ्या लांब येऊन न खेळता जायचं असतं का?"

चढाच्या आधीच्या टोपल्या झाल्या. बांधावर बायका होत्याच.

"आज बाबांनी धरली का गाडी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"जावयाचा खांदा दुखतोय," मामा मोठ्याने म्हणाले. "त्यांना ओढू देऊ का मी?"

"न्हाय, न्हाय. बराबर हाय," शेवंताबाई म्हणाल्या, आणि आज कोणी हसलं नाही.

ज्यांना या जागी खेळायला जायचं आहे त्यांच्यासाठी ट्रॉलीचा अनुभव नोंदवतो. सपाटीवर आणि पायवाटेवर झकास. कापलेल्या भाताच्या खुंटांत चाकं अडकतात, तेव्हा उलटी करून मागून ओढावी. ओढ्यात ओली होते. बांधावर तर उचलावीच लागते. तिथे मी डाव्या हाताने सगळा भार घ्यायचो आणि मामा दांड्याला नुसता हात लावून मला म्हणायचे, "सांभाळा, जोर लावू नका." चढावर ट्रॉली ओढायला अमोल यायचा आणि मामा दर वीस-पंचवीस पावलांवर थांबायचे, माझ्या खांद्याला विश्रांती म्हणून. अठराच्या अठरा टोपल्या झाल्या. मामा माझ्यापेक्षा तीन फेकी कमी घेऊन जिंकले. शेवटच्या टोपलीला साखळ्या खणखणल्या तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते धुळीवर ढकललं.

येताना रस्त्यात इंद्रायणी तांदूळ घेतला. चांदणी चौकाने नेहमीप्रमाणे तासभर ठेवून घेतलं. घरी प्रज्ञा दारातच उभी होती.

"बॅग कोणी उचलली?"

मी शनिवारचं सगळं सांगितलं, डॉक्टरांसकट. ती मामांकडे वळली. मामा म्हणाले, "माझं राहू दे. ह्यांचा खांदा बघ आधी." त्या रात्री माझ्या ठणठणीत खांद्याला तिने इतका बाम चोळला की दुसऱ्या दिवशी तो खरोखर दुखला.

या गोष्टीला आता काही महिने झाले. बॅग की गाडी, असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, एकटे असाल तर बॅग, सासरे बरोबर असतील तर गाडी. विश्रांतवाडीच्या मैदानावर आमचे रविवार चालू आहेत. मामांचा रंग सुधारला आहे. ट्रॉली त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतली, तिला मोठी चाकं बसवली आणि दर रविवारी माझी बॅग वर, त्यांची खाली.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो तर दारात भरलेला गॅसचा सिलिंडर उभा होता. मामा आत बूट घालत होते. बाहेर आले की तो उचलणार, हे दिसतच होतं. मी विचार न करता सिलिंडर उजव्या खांद्यावर घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. वळून बघतो तर मामा दारात उभे.

ते सिलिंडरकडे बघत होते, मग माझ्याकडे.

"खांदा दुखतोय ना अजून?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा."

"दुखू द्या," ते म्हणाले. "अजून काही वर्षं दुखू द्या."

मग त्यांनी मी दारात टेकवलेली बॅग घेतली, ट्रॉलीवर ठेवली आणि पट्टे आवळायला लागले.