एक हजार नऊच्या अलीकडे

१२ जून १९६१ रोजी संख्यांची कोष्टके छापणाऱ्या एका छापखान्याच्या गणनकक्षात १०,२२,११७ ही संख्या मूळ, म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी, ठरवण्यात आली. ती मूळ नाही. १००९ ला १०१३ ने गुणले की तीच येते. कोणालाही कागदावर पडताळता येईल.

चुकीचा उगम कक्षाच्या रीतीत होता. संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे, एवढीच कसोटी. वर्षानुवर्षे काम दहा लाखांच्या आतले. वर्गमूळ हजाराच्या आत, आणि हजाराआतली शेवटची मूळ संख्या ९९७. तिनेही भाग गेला नाही की पेन्सिल खाली. तपासायच्या संख्यांच्या नव्या गठ्ठ्याने दहा लाख ओलांडले, हातांची सवय मात्र अलीकडेच राहिली. वर्गसंख्या आधीच वेगळ्या काढलेल्या असत. म्हणून १०,२५,००० पर्यंतच्या त्या गठ्ठ्यात निसटली ती ही एकच.

कक्षप्रमुख बाईंच्या हाताखाली त्यांची धाकटी नणंद होती. प्रत्येक उत्तरावर शंका काढी, म्हणून सगळे तिला ‘अजून एक’ म्हणत.

“वहिनी, एक हजार नऊने भागून बघू का?”

“बघ हो, बघ. मग एक हजार तेराने, मग लग्न ठरेपर्यंत भागतच बस! नऊशे सत्त्याण्णव झालं ना? ठेव ती पेन्सिल.”

खोली हसली. नणंदेने पेन्सिल ठेवली.

कोष्टक छापून आल्यावर एका शिक्षकाने चूक कळवली. हा भागाकार कोणाचा, असे व्यवस्थापकांनी विचारले, तेव्हा नणंद पुढे झाली. वहिनी शेजारीच मिठाची गुळणी धरून उभ्या होत्या. नणंदेचे काम गेले; वहिनी निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीवर राहिल्या. नणंद घरी शिवणकाम करू लागली. दोघी आजही एकाच घरात राहतात. मशीन सुरू झाले की घास उतरत नाही, असे वहिनी सांगतात.

या नोंदीसाठी दोघींची मुलाखत घेतली, तेव्हाही मशीन चालूच होते. ९९७ ला थांबायचे कोणी ठरवले, या प्रश्नावर वहिनींनी मशीनकडे तोंड करून उत्तर दिले.

“मी. ती विचारत होती, मीच तिचं हसं केलं. आणि साहेबांपुढे तोंड उघडलं नाही.”

मशीन थांबले.

“हे बोलायला दात पडावे लागले होय, वहिनी?” नणंदेने दोरा तोडला. “एक हजार अकराचा वर्ग करा, त्यातून चार काढा. तीच संख्या. मग अकराच्या दोन अलीकडे नऊ, दोन पलीकडे तेरा. दोन्ही अवयव समोर उभे. मला दिसलं होतं ते.”

“कधी? त्याच दिवशी, की नंतर?” वहिनींनी विचारले.

“आधी ही सुई ओवून द्या. मला आता दिसत नाही.”

वहिनींनी सुई ओवली. मशीन पुन्हा सुरू झाले.

१०,२२,११७ चे अवयव कोणते, याबद्दल वाद नाही. पेन्सिल खाली ठेवताना नणंदेला ते ठाऊक होते का, हे अद्याप अज्ञात आहे. वहिनींनी पुन्हा विचारलेले नाही.