सहा मुठी गूळ

माझ्या हातचा कानोला खाऊन कोणी नुसतं ‘छान झालाय’ म्हटल्याचं मला आठवत नाही. लोक आधी दुसरा उचलतात आणि मग बोलतात. करंजीला आमच्या राळेगावकडे कानोला म्हणतात, आणि माझ्या कानोल्याची मुरड पाहायला दिवाळीत गल्लीतल्या नव्या सुना येऊन जातात. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही.

पोटापाण्यासाठी मी ब्लाउज शिवते. बाई दारातून आत आली की टेप लावायच्या आधीच तिचं माप मला निम्मंअधिक कळलेलं असतं. तरी मी मापांची वही ठेवते, एकेका बाईचं एकेक पान. मापात माझी चूक होत नाही, असं मी छाती ठोकून सांगत आले. त्या छातीतली हवा एकदा निघाली, आणि तीही अनारशाने काढली.

माझी शेजारीण आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आलो. तिच्या घरी कापूस आणि तुरीचं शेत, माझ्या घरी शिलाई मशीन, मधे कमरेइतकी भिंत. पहिल्याच दिवाळीत मी अनारसे करायला घेतले आणि ते हसले. अनारसा तुपात सोडल्यावर जाळी धरून राहायचं सोडून विरघळून कढईभर पसरला की तो हसला म्हणतात. माझे एकूणएक हसले. तिकडे भिंतीपलीकडे शेजारणीच्या कानोल्यांची तोंडं उघडून सगळं सारण तुपात पोहत होतं. आम्ही भिंतीवरून एकमेकींच्या कढया पाहिल्या आणि तिथल्या तिथे सौदा झाला. दोन्ही घरचे कानोले मी करायचे, दोन्ही घरचे अनारसे तिने.

सौदा इतका पक्का निघाला की मी पुन्हा कधी अनारशाच्या वाटेला गेले नाही आणि तिने कानोला लाटला नाही. अनारसे भिंतीवरून येतात, असंच माझ्या लेकरांना कितीतरी वर्षं वाटत होतं.

मग तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं. माघात आम्ही तिला पुसदला पाठवलं, आणि चैत्रात शेजारणीला लकवा मारला. उजवी बाजू गेली. यवतमाळला दवाखान्यात ती बरेच दिवस होती. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन ती चालायला लागली. जीभ आधी अडखळायची, तीही सुटली. उजवा हात मात्र आला नाही. दाबायला दिलेला रबरी चेंडू तिच्या मांडीवर नुसता पडून असायचा.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. अधिक महिन्यात लेक-जावयाला जेवायला बोलावून धोंडे करतात आणि जावयाला वाण देतात, तेहतीस अनारशांचं. वाणाला जाळीचाच पदार्थ लागतो. लेकीचा हा पहिला अधिक महिना, आणि शेजारीण या वाणाची वाट लेक पाळण्यात असल्यापासून पाहत होती. तिचा नवरा साधा माणूस. तो म्हणाला, “यवतमाळहून आणून देतो ना, चांगल्या दुकानातले.”

“जवाईले इकतचे अनारसे देऊ? मी मेली काय?” ती म्हणाली आणि रडायला लागली.

हात गेला तेव्हा ती रडली नव्हती. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते, मला माहीत आहे. आता विकतच्या अनारशांवरून ती अशी रडली की तिचा नवरा चपला घालून निमूटपणे शेताकडे निघून गेला.

“कायले रडून राह्यली वं?” मी म्हटलं. “मी करीन ना.”

तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. “तू?”

“मी.”

“तुये तं हसतात.”

“तू सांग, मी करीन. हसतात कसे ते पाह्यतोच मी.”

दुसऱ्याच दिवशी मी जुने तांदूळ भिजवले. तीन दिवस, रोज पाणी बदलून. बाहेर झड लागलेली, दहा दिवस सूर्याने तोंड दाखवलं नव्हतं, म्हणून तिच्या खोलीत पंख्याखाली माझं अस्तराचं कापड अंथरून त्यावर तांदूळ पसरले. ती खुर्चीत बसून डाव्या हातातल्या काठीने दाखवायची, इथले कोरडे झाले, तिथले राह्यले. हुकूम सोडायला तिला कुठलाच लकवा नव्हता. पीठ दळलं, चाळलं. मग तिने माप सांगितलं. “चार वाट्या पीठ, सहा मुठी गूळ.” मी किसलेल्या गुळाच्या सहा मुठी मोजून घातल्या, गोळे करून डब्यात भरले आणि पाच दिवस त्या डब्याकडे पाहत राहिले.

पाचव्या दिवशी मासला म्हणून एक अनारसा खसखशीवर थापला आणि तुपात सोडला. तो हसला.

दुसरा सोडला. तोही हसला. गॅस कमी केला, वाढवला, तूप बदललं. तिसऱ्याचं तर नुसतं गोड पिठलं झालं. चौथ्याला मलाच हसू फुटलं, काय करणार, पण खुर्चीतली बाई हसली नाही.

“गूळ किती टाकला?” तिने विचारलं.

“तू सांगतला तितकाच. सहा मुठी.”

“कोणाच्या मुठी?”

मी माझ्या हाताकडे पाहिलं. माझा हात माझ्या बापाचा आहे, वखर धरायला घडवलेला. कासाराकडे गेलो की तिच्या हातात दोन-चारच्या बांगड्या सळकन जातात आणि माझ्यासाठी तो आतून दोन-दहाचा डबा शोधून काढतो. वर्षानुवर्षं दोघी एकाच दुकानात शेजारी बसून बांगड्या भरत आलो. तिच्या दंडाचं माप मला वही न उघडता सांगता येतं. आणि मी, मापात चूक न करणारी, तिच्या मुठींचं माप माझ्या मुठींनी भरून मोकळी झाले होते. दुसरीच्या कापडावर आपल्या मापाची कात्री चालवणाऱ्या शिंपिणीला मी दारात उभं केलं नसतं.

“बरं, मंग चार टाकतो,” मी म्हटलं.

“अंदाजानं? जवाईच्या ताटात?” ती मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहत म्हणाली, “माप याच्यात होतं वं. गेलं आता.”

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तिने कधी वाटीने गूळ मोजला नव्हता, कधी तोलला नव्हता. इतकी वर्षं जे अनारसे भिंतीवरून आले ते सगळे त्या एका मुठीतून आले होते, आणि ती मूठ आता मिटत नव्हती. त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की मी ती कढई तशीच नेऊन मोरीत ठेवली. मग हात धुतले आणि पुन्हा तांदूळ भिजवले. जेवणाला दहा दिवस होते. रडत बसले असते तर नऊ उरले असते.

चौथ्या दिवशी नवं पीठ तयार झालं. चार वाट्या मोजून परातीत घेतलं, किसलेला गूळ ताटात घेतला आणि मी तिच्या समोर जमिनीवर बसले.

“हात दे.”

“कोणता?”

“गूळ मोजाचा.”

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने तोंड फिरवलं. मी थांबले नाही. तिचा उजवा हात मी उचलून माझ्या हातावर घेतला. तळहातावर गूळ ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली, करंगळीपासून. मिटलेली राहीनात. मग मी माझा हात वरून लावला. तिची सगळी मूठ माझ्या मुठीत मावली. आतली मूठ तिची, बाहेरची माझी. जन्मभर ज्या पंजाची मला लाज वाटत आली तो असा कामी आला.

“इतकी दाबू नको,” ती तोंड तसंच फिरवून म्हणाली. “मी ढिली भरत होती.”

मी ढिली केली. “अशी?”

तिने मान वळवून पाहिलं. “अजून थोडी. हं. अशी.”

परातीत पडण्याआधी प्रत्येक मूठ मी एका वाटीत रिकामी करून पाहिली. बरोबर अर्धी वाटी. दुसरी अर्धी, तिसरीही अर्धी. न मोजता जन्म काढलेल्या त्या बाईच्या हाताला माझ्या टेपपेक्षा चांगलं माप येत होतं. “चिकट लागते काय गूळ?” मी मधेच विचारलं. “काहीच नाही लागत,” ती म्हणाली. त्यावर मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तीही रडत होती. सहा मुठी पूर्ण होईपर्यंत आम्ही दोघी रडत-मोजत राहिलो, आणि एकही मूठ चुकली नाही.

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी कढई ठेवली. पहिला अनारसा सोडताना मी श्वास धरून होते. तो तुपात बसला, कडेने फुगला आणि वरची खसखस बाजूला सारत त्याला जाळी पडायला लागली. मी झाऱ्याने वरून तूप घालत राहिले. “उलटू नको,” ती म्हणाली. “माहीत हाये,” मी म्हटलं, आणि खरंच आता माहीत होतं. एकूण चौतीस झाले. शेवटचा हसला, कारण तोपर्यंत मला फाजील विश्वास आला होता. तो मी उभ्याउभ्या खाऊन पुरावा नष्ट केला.

दुसऱ्या दिवशी लेक-जावई पुसदहून एसटीने आले. पुरणाचे धोंडे झाले, जेवणं झाली. शेजारणीने डाव्या हाताने जावयाला कुंकू लावलं आणि नवऱ्याने तेहतीस अनारशांचं ताट, वर दिवा ठेवून, त्याच्या हातात दिलं. जावई लाजला. लेकीने तर नवऱ्याच्या ताटातला एक अनारसा तिथेच उचलला, मोडला, जाळी पाहिली आणि तोंडात टाकला. चावता चावता ती थांबली.

“हे आईचे हायेत,” ती म्हणाली. मग तिचं लक्ष आईच्या हाताकडे गेलं आणि ती माझ्याकडे वळली. “काकू, कोणं केले?”

माझं तोंड उघडलेलंच होतं. जन्मात पहिल्यांदा माझ्या कढईत अनारसे हसले नव्हते, आणि हे सांगायला मी रात्रीपासून वाक्य जुळवून ठेवलं होतं. शेजारीण खाली मान घालून बसली होती. रबरी चेंडू नेहमीसारखा तिच्या मांडीवर होता.

“तुया आईच्या हातचे हायेत,” मी म्हटलं. “मीनं फक्त तळले.”

सुईच्या टोकाइतकंही ते खोटं नव्हतं. शेजारणीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाली, “अन् त्यातला एक हसला हिचा. ते नाही सांगत पाह्य.” लेक हसली आणि आईचा उजवा हात धरून बसली. उरलेला अर्धा अनारसा तिने तो हात न सोडता खाल्ला.

त्या दिवशी घरी येऊन मी मापांची वही काढली. शेजारणीच्या पानावर छाती, कंबर, मुंढा, बाही, दंड अशी सगळी मापं होती. त्यांच्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली: मूठ, अर्धी वाटी, ढिली.