कारण सांगणारं पुस्तक

आण्णाचा फोन सकाळी आला की तो बियाण्यासाठी असतो, नाहीतर मोटार जळाली म्हणून. त्या दिवशी मी दुकानाचं शटर वर करत होतो, फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला होता आणि "बोल, काय जळालं?" असंच विचारलं. मग आण्णा म्हणाला, "तुझी वहिनी उठंना रे..." डॉक्टर नंतर हृदय वगैरे म्हणाले. मला मात्र अजूनही तेवढंच ऐकू येतं. माझी विमलवहिनी आयुष्यात कधी कुणाच्या नंतर उठली नव्हती, त्यामुळं आण्णाला ते वाक्य कसं बोलायचं तेसुद्धा ठाऊक नव्हतं.

आता थोडे आठवडे गेलेत. रडून झालंय, भेटायला येणारे कमी झालेत, आणि वहिनीची आठवण आली की मला हसू यायला लागलंय. हे बरोबर आहे का, असं मी आण्णाला विचारलं. तो म्हणाला, "मला बी येतंय." तेव्हा आता मोकळेपणानं लिहितो. धाराशिवात बसस्टँडजवळ माझं पुस्तकांचं दुकान आहे. गाइड, वह्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असा सगळा माल. कुठल्या परीक्षेला कुठलं पुस्तक घ्यावं, हे मला विचारल्याशिवाय या गावात कुणी अधिकारी झालेला नाही, असा माझा समज होता. तो समज वहिनीनं एका सकाळी, चिकाच्या पातेल्याशेजारी बसून मोडला.

वहिनी येडशीजवळच्या आमच्या गावात, आण्णाच्या संसारात. लग्न झालं तेव्हा बारावी होती, पुढं बाहेरून बी.ए. केलं. पोरगं नोकरीला लागून लांब गेलं, पोरीचं लग्न झालं, आणि आता वहिनी निवांत देवदेव करील असं आम्ही धरून चाललो. त्याच सुमारास तिच्या धाकट्या बहिणीचा, शकूचा, पोटगीचा खटला उभा राहिला. वहिनी प्रत्येक तारखेला तिच्यासोबत जायची. निकालाच्या दिवशी वकील आत इंग्रजीत काहीतरी बोलला, साहेब काहीतरी बोलले, वकील बाहेर येऊन "झालं, या आता" म्हणाला आणि दुसऱ्या केससाठी पळाला. शकूनं वहिनीचा हात धरून विचारलं, "आक्का, आपन जितलो का हारलो?" वहिनीलाही सांगता येईना. दोघी बहिणी एसटीत रडत रडत गावी आल्या. दुसऱ्या दिवशी आण्णानं वकिलाला फोन लावला तेव्हा कळलं की शकू जिंकली होती! जिंकलेली बाई रात्रभर उपाशी झोपली होती.

त्यावर आम्ही सगळे हसलो. वहिनी हसली नाही. ती माझ्या दुकानात आली, गिऱ्हाईक बसतं तशी स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भावजी, वकील व्हायला कुठली परीक्षा असती?" मी सांगितलं, पदवी असली तर तीन वर्षांचा कोर्स, त्याच्या प्रवेशाची सीईटी द्यावी लागते, वयाची अट नाही. "मग मला पुस्तक द्या." मी जरा थट्टा केली, की वहिनी, काळ्या कोटात उन्हाळ्यात उकडतं बरं का. त्यावर ती म्हणाली, "चुलीम्होरं काय थंडी वाजत व्हती का आजवर? बाईला तिचं काय झालं त्ये तिच्या भाषेत सांगनारा वकील पायजे. दुसरं कुनी हुईना, तर म्या व्हते." मग मी थट्टा थांबवली. वहिनीचा स्वभाव मला माहीत होता. एकदा ठरवलं की आण्णासुद्धा मधे पडत नसे.

मी तिला सगळ्यात जाडजूड, गुळगुळीत कागदाचं, पुण्याहून आलेलं गाइड दिलं. त्याच्यावर सुटाबुटातली हसरी मुलं होती. वर्गात पहिले आलेले सगळे तेच नेतात, असं सांगितलं. आण्णाच्या एका दोस्ताच्या पोरानं लातूरच्या कुठल्याशा क्लासच्या नोट्सची झेरॉक्स आणून दिली. महिनाभर वहिनी त्या दोन्हींवर बसली आणि फोनवर मला तिच्या आवाजात काही रंगत वाटेना. "कायद्याचे प्रश्न लई चुकतेत भावजी. का चुकतेत त्येच समजंना." मी म्हणालो, सराव करा, जमेल. दुकानदार याहून जास्त काय सांगणार?

मग कुरड्यांचे दिवस आले. आमच्याकडे कुरड्या एकटीनं होत नाहीत. पहाटे चीक शिजवायला एक, ढवळायला एक, सोऱ्या दाबायला दोघी, असा फड जमतो. त्या दिवशी मी सुट्टी म्हणून गावी गेलो होतो आणि वहिनीनं "दुकानातली त्या परीक्षेची असतील नसतील तेवढी पुस्तकं घेऊन या" म्हणून सांगितलं होतं. तशी पिशवीभर पुस्तकं नेली. त्यात एक पिवळट कागदाचं, बारीक मराठी पुस्तकही होतं. मुखपृष्ठावरचा तराजूसुद्धा तिरका छापलेला. ते कधीच विकलं गेलं नव्हतं, मी ते परत पाठवण्याच्या गठ्ठ्यातून काढून आणलं होतं, फक्त पिशवी भरलेली दिसावी म्हणून.

गच्चीवर चादरी अंथरल्या होत्या. शेजारच्या रुकसानाभाभी सोऱ्या दाबत होत्या आणि आमच्या भावकीतल्या सोजरमावशी बाजूला बसून सगळ्यांच्या कुरड्यांना नावं ठेवत होत्या. वहिनीनं मला फर्मावलं, "तुमी रिकामेच हाव. ह्या जाड्या पुस्तकातला एक प्रश्न वाचा मोठ्यानं." मी वाचला. नियम असा दिला होता, की दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरणं हा अपराध आहे, हेतू काहीही असो. घटना अशी, की शेजारी गावाला गेलाय, त्याच्या बंद घरातून धूर येतोय, म्हणून एक माणूस कुलूप तोडून आत जातो आणि आग विझवतो. तो दोषी की निर्दोष?

"ह्यात काय इचारायचं?" सोजरमावशी कडाडल्या. त्यांचं माहेर फटाक्यांच्या तेरखेड्याचं. "आमच्या तेरखेड्यात आगीला कुनी परवानगी इचारत बसलं, तर गाव ऱ्हाईल का?"

"त्याला तर हार घाला," रुकसानाभाभी म्हणाल्या. "शेजाऱ्याची नेकी केली बिचाऱ्यानं."

"माझं बी त्येच उत्तर व्हतं," वहिनी म्हणाली. "निर्दोष. बघा भावजी, मागं काय दिलंय."

मी मागची पानं उलटली. तिथं लिहिलं होतं 'क'. क म्हणजे दोषी. त्यापुढं पांढरा कागद.

गच्चीवर असा कल्ला झाला की खालून आण्णा वर आला. हा कुठला इन्साफ, हे पुस्तक कुणी लिहिलं, त्याच्या घराला आग लागली तर आपण जायचं नाही, असं बरंच काही. चीक निवून घट्ट व्हायला लागला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. मी लातूरच्या नोट्स उघडल्या. तिथं लिहिलं होतं, 'अशा प्रश्नांत सर्वांत कडक पर्याय निवडा. वेळ वाचतो.' वहिनीनं कपाळाला हात लावला, तो चिकाचा होता हे विसरून. शेवटी, काहीच उरलं नाही म्हणून, मी ते तिरक्या तराजूचं पुस्तक काढलं. त्यात तसलाच प्रश्न सापडला, फक्त आगीऐवजी पाण्याचा फुटलेला नळ होता. आणि उत्तराखाली अर्धं पान मजकूर.

मी वाचलं, ते मला जवळपास शब्दशः आठवतं. "तुम्ही निर्दोष म्हटलं असेल, तर तुम्हाला त्या माणसाची बाजू पटली असणार. ती पटावी अशीच आहे. पण इथं दिलेला नियम हेतू विचारात घेत नाही, आणि परीक्षेत आपल्याला फक्त हाच नियम वापरायचा आहे. नियम स्वतः योग्य आहे का, हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. तो वकील झाल्यावर न्यायालयात जरूर विचारा."

रुकसानाभाभींचा सोऱ्या थांबला. सोजरमावशी जरा पुढं सरकल्या. वहिनी म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. तिनं हात पदराला पुसले, पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो मानूस माझ्याशी बोलतोय की! भावजी, ते तुमचं जाडं पुस्तक शकूच्या वकिलासारखं हाय. निकाल सांगतंय आन् पळून जातंय. मला चूक म्हना, माझं काय म्हननं न्हाय. पर का चुकले त्ये बसून सांगा."

मी दुकानदारी अभिमानानं म्हणालो, "वहिनी, ते पुस्तक कुणीच घेत नाही." ती म्हणाली, "मग तुमी कुनाला वाचून दाखवलंय का कदी?" रुकसानाभाभी इतक्या हसल्या की त्यांच्या सोऱ्यातून कुरडई वाकडी पडली. ती वाकडी कुरडई मलाच तळून घातली पुढं.

त्या दिवसापासून वहिनीनं पुस्तक निवडायची एकच रीत ठरवली. आधी चुकायचं, आणि मग पुस्तक काय म्हणतं ते पाहायचं. समजावून सांगणारं ठेवायचं, नुसतं अक्षर दाखवणारं माझ्याकडं परत. इंग्रजीसाठी मी पाठवलेली चार भारी व्याकरणं अशी परत आली आणि शेवटी तिनं शाळेची जुनी इंग्रजी पाठ्यपुस्तकं धरली, कारण त्यात धड्याखाली प्रत्येक शब्दाचा अर्थ होता. सामान्य ज्ञान आण्णाकडं होतं. तो धार काढता काढता गोठ्यातून ओरडायचा, "राज्यपालाला कोन नेमतं गं?" आणि वहिनी भाकरी थापत उत्तर द्यायची. चुकली की आण्णाला कारणही सांगावं लागायचं, नाहीतर भाकरी मिळत नसे. त्यामुळं तो गडी पहिल्यांदाच घरात पेपर नीट वाचायला लागला. संगणकावर परीक्षा म्हणून येडशीच्या एका सेंटरवर जाऊन ती माउस हलवायला शिकली. पहिल्या दिवशी म्हणाली, "ह्यो उंदीर पळतोय कुठं बी, वेसन न्हाय ह्याला."

परीक्षा लातूरला होती. आण्णा आणि मी सोबत गेलो. फाटकावरचा माणूस म्हणाला, "ताई, पालकांनी बाहेर थांबायचं." वहिनीनं हॉलतिकीट पुढं केलं आणि आमच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "पालक ते दोघं हायेत." आम्ही दोघं पालक रसवंतीत जाऊन बसलो. आण्णा एवढा रस प्याला की मी त्याला थांबवलं. मला वाटतं, तेव्हा त्याला खरी भीती वाटत होती. नापास होण्याची नव्हे. जाड्या पुस्तकाच्या त्या महिन्यासारखी वहिनी पुन्हा गप्प होईल याची.

ती बाहेर आली ती हसतच. "आगीच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आला व्हता," ती म्हणाली. "म्या मनातनं त्या भल्या मानसाची माफी मागितली, आन् 'दोषी'वर टिचकी मारली. म्हनलं, थांब बाबा, वकील झाल्यावर सोडवते तुला."

धाराशिवच्या कॉलेजात तिचा नंबर लागला. ती बातमी तिनं पहिल्यांदा शकूला सांगितली, आणि फोनवर तीन-तीनदा सांगितली, "आपन जितलो. ऐकलंस का? जितलो." कॉलेजातली पोरं तिला काकू म्हणायची आणि परीक्षेच्या आधी तिच्याच भोवती बसायची. सनद मिळाली, काळा कोट आला, आणि खरंच तो उन्हाळ्यात उकडायचा. पहिल्या महिन्यातच तिनं ते कबूल केलं. पण मला थट्टा करू दिली नाही.

वकील म्हणून ती फार मोठी झाली असं काही नाही. केसेस बहुतेक बायकांच्या, फी मिळेल तशी. तिची एक सवय मात्र कोर्टात सगळ्यांना माहीत झाली. तारीख झाली की ती अशिलाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची, चहा मागवायची आणि म्हणायची, "आत आज काय झालं, त्ये आता तुमी मला सांगा." बाई अडखळायची. वहिनी समजावून सांगायची आणि परत विचारायची. बाईला स्वतःच्या तोंडानं नीट सांगता येईपर्यंत तिला घरी सोडायची नाही. बाकीचे वकील घड्याळ बघत निघून जायचे. मीही एकदा म्हणालो होतो, वहिनी, यात तुमचा किती वेळ जातो! "ह्याच्यासाठीच तर वकील झाले भावजी," ती म्हणाली होती.

मागच्या आठवड्यात तिच्याकडची उरलेली कागदपत्रं दुसऱ्या वकिलांकडं सोपवायला आण्णा आणि मी कोर्टात गेलो. काम लवकर झालं. बाहेर आलो तर त्या बाकापाशी एक बाई उभी होती, साधं लुगडं, हातात चहाचा कप. तिचा नवा वकील, तरुण पोरगा, फायली काखेत मारून "पुढची तारीख कळवतो" म्हणत निघाला होता. बाईनं दुसऱ्या हातानं सरळ त्याची वाट अडवली.

"थांबा साहेब. आत काय झालं त्ये म्या सांगते. चुकले तर सांगा, आन् का चुकले त्ये बी सांगा."

पोरगा गोंधळला. आजूबाजूला बघितलं. मग त्यानं फायली बाकावर ठेवल्या आणि दोघं शेजारी बसले. बाई सांगायला लागली, सावकाश, एकेक. मधे त्यानं एकदा तिला थांबवलं आणि काहीतरी समजावलं. तिनं मान हलवली. आण्णा माझ्या कानाशी म्हणाला, "तिचंच अशील हाय रे..." त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. बाईनं चहाचा एक घोट घेतला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.