दादांसमोरचा होकार

"साहेबराव, गळ्यात नळी बसवायची का?"

साहेबरावांनी डोळे एकदा मिटून उघडले. आमच्या ठरलेल्या भाषेत एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

"बघा," कॉटच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्यांच्या थोरल्या भावाला मी म्हणालो, "पेशंटनं स्वतः सांगितलं."

"म्या म्हनलोच व्हतो," कडुबादादा म्हणाले. "साहेबू नाय म्हननारच नाय."

हे वाक्य माझ्या देखत, माझ्या कानांवर पडलं. त्यावर मी जरा विचार केला असता तर पुढचं रामायण टळलं असतं. पण मी तेव्हा स्वतःच्या हुशारीवर खूश होतो, आणि त्या अवस्थेत माणसाला विचार सुचत नाहीत.

मी नर्स आहे. पुरुष नर्सला दवाखान्यात ब्रदर म्हणतात. राहायला हर्सूलला, जिथं मोठं जेल आहे. शहरात कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'सुटलात कधी?' त्यावर मीही 'पॅरोलवर आहे' असं सांगून मोकळा होतो. त्या सुमारास आमच्या दवाखान्यानं मला न्यूरोच्या वॉर्डात केअर कोऑर्डिनेटर केलं होतं. म्हणजे डॉक्टर, फिजिओ, आहारवाल्या मॅडम आणि पेशंटच्या घरचे, या सगळ्यांची गाठ घालून द्यायची. लग्नातल्या मध्यस्थासारखंच काम, फक्त जेवायला कुणी वाढत नाही.

साहेबरावांना एमएनडी होता. मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी यात हळूहळू मरत जातात. हुकूम निघतो, पोचत नाही. आधी हात, मग पाय, मग जीभ, गिळणं, आणि शेवटी श्वास. औषधानं थोडी मुदत मिळते, आजार बरा होत नाही. आणि बहुतेकांची बुद्धी शेवटपर्यंत जागेवर राहते. माणूस आत बसून सगळं बघत असतो.

वेरूळच्या पलीकडं एका वस्तीवर त्यांचं मेंढपाळाचं घर. लोकर कातरता कातरता हातातली कातर गळून पडली, तिथून सुरुवात. घरच्यांना वाटलं अशक्तपणा. मग मालिश, मग मणक्याचा डॉक्टर, मग आम्ही. आमच्या वॉर्डात आले तेव्हा बोलणं पार गेलं होतं. पोटात बसवलेल्या नळीतून पातळ अन्न जात होतं, आणि तोंडावर हवा आत ढकलणाऱ्या मशीनचा मास्क होता. आता त्या मास्कनंही भागेना. छातीत कफ साठायचा आणि खोकायला ताकद नव्हती. पाण्यात बुडणाऱ्या माणसाचे असतात तसे डोळे व्हायचे. आपण काठावर उभे.

पुढं रस्ते दोनच होते. एक, गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवायची आणि ती व्हेंटिलेटरला जोडायची. आयुष्य वाढतं, पण ते मशीनला बांधलेलं. त्यात पुढं पापण्याही दमल्या तर बोलायची ती एक खिडकीसुद्धा बंद. दुसरा, नळी बसवायची नाही. धाप जाणवू नये अशी औषधं देत घरी न्यायचं आणि जे व्हायचं ते होऊ द्यायचं. दोन्ही रस्ते वाईट. कुठल्या वाईट रस्त्यानं जायचं, तेवढं त्या माणसानं ठरवायचं.

म्हणून मी पापण्यांची भाषा बसवली. पद्धत जुनी आहे, सगळीकडं वापरतात, पण वॉर्डात मी असा वावरत होतो जणू ती मीच रात्रंदिवस खपून शोधलीय. इनचार्ज सिस्टरला मुद्दाम बोलावून डेमो दिला.

"साहेबराव, तुमची वस्ती वेरूळकडं ना?" एकदा.

"दादा जेवले का?" एकदा.

"मी देखणा आहे का?" एकदा.

सगळे हसले. कडुबादादाही मिशीत हसले.

"एकदम रिलायबल पेशंट आहे, सिस्टर," मी म्हणालो.

सिस्टरनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "मला डाउट वाटतोय, ब्रदर."

त्या थट्टेनं बोलल्या. त्या अख्ख्या तपासणीत निघालेला तोच एक बरोबर निष्कर्ष होता.

आणखी एक. दादा खोलीत आले की साहेबरावांच्या पायाची बोटं आत वळायची, गुडघे थोडे थरथरायचे. मी ताबडतोब फाइलमध्ये लिहिलं, 'स्नायूंचा ताठरपणा वाढला आहे.' डॉक्टरांनी त्यावरची गोळी वाढवली. थोरला भाऊ समोर असताना त्याच्याकडं पाय करून झोपायचं नसतं, म्हणून तो माणूस उरल्यासुरल्या ताकदीनं पाय ओढून घेत होता, आणि मी त्याला त्या रीतभातीवर गोळी देत होतो.

तर नळीचा होकार मिळाला. सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "ब्रदर, कन्सेंट क्लिअर?"

"येस सर."

"पेशंटची स्वतःची?"

"येस सर."

"उद्या सकाळी थिएटर. घशाच्या सर्जनना कळवा."

"येस सर."

दुपारी दादा मेंढरांची चौकशी करायला फोन घेऊन खाली गेले. खोलीत रेंज नव्हती. कोपऱ्यात साहेबरावांची बायको गयाबाई पदर पुढं ओढून बसलेली. ती बोलत नसे, म्हणून मी तिला भित्री समजत होतो. मी साहेबरावांची लाळ सक्शननं ओढली, ओल्या कापसानं डोळे पुसले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला धीर द्यायचा असतो. माझी धीर द्यायची पद्धत म्हणजे वात्रटपणा.

"घाबरू नका. थिएटरच्या दारापर्यंत मी येतो. देखणा माणूस सोबत असला की बरं वाटतं. आहे ना मी देखणा?"

डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

मी हसलो. मग हसू अडकलं. "दमलात का? परत विचारतो. मी देखणा आहे का?"

दोनदा. सावकाश. कुठं चूक होऊ नये असं.

"अहो, मग त्या दिवशी हो कसं म्हणालात?"

साहेबरावांची नजर दाराकडं गेली आणि परत माझ्याकडं आली.

"तवा दादा व्हते ना हितं," कोपऱ्यातून आवाज आला. गयाबाईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. "दादांपुढं हे कदीच नाय म्हनले नायत. बाप लवकर गेला. दादांनीच वाढवलं. आमचं लगीन बी दादांनीच जमवलं, यांनी नुसती मान हालवली."

"पण तुम्ही पसंत होता ना त्यांना?" मला नको तिथं तोंड घालायची सवय आहे.

"ते म्या अजून इचारलं नाय, बाबा."

कॉटवरून एक उघडझाप आली. एकच. दादा खोलीत नव्हते. गयाबाईनं ती पाहिली आणि पदर पार तोंडावर ओढून घेतला.

मी दार लोटलं.

"साहेबराव, उद्या नळी बसवायची का?"

दोनदा.

प्रश्न उलटा करून विचारला. "नळी नको, असं म्हणताय?"

एकदा.

"नळी नाही बसवली तर श्वास कमी पडत जाईल. त्यातच जीव जाईल. हे कळतंय?"

एकदा. आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं. ते मी पुसलं, कारण त्यांना पुसता येत नव्हतं.

"घरी जायचंय?"

डोळे मिटले ते जरा वेळ मिटलेलेच राहिले.

मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. देखणेपणाचा भाग गाळायचा विचार होता, पण पुरावा तोच होता.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग सकाळी तुम्ही मला येस सर का म्हणालात?"

"सर, तुम्ही विचारलंत म्हणून."

"म्हणजे तुम्हीपण साहेबरावच."

यावरही माझ्या तोंडून 'येस सर' निघालं.

त्यांनी स्वतः येऊन, दादा खाली असतानाच, सगळे प्रश्न पुन्हा विचारले. उत्तरं तीच आली. थिएटर थांबवलं. मग दादांना केबिनमध्ये बोलावलं.

दादा आधी मलाच भिडले. "माझ्या माघारी काय पढवलं त्याला? सकाळी व्हय म्हनला, तुमच्यासमोर म्हनला."

"दादा, तुम्ही होतात म्हणून हो म्हणाले ते."

"मंग? म्या काय दुश्मन हाय का त्याचा?" त्यांचा आवाज चढला. "पोरगा व्हता तवा तापानं फनफनला. सायकलीवर बांधून छावनीतल्या डागदराकडं आनला म्या. तवा इचारलं व्हतं का त्याला, जगायचं का म्हनून?"

डॉक्टर टेबलावरचं पेन सरळ करत राहिले.

"मरू द्यायचा का म्या त्याला? तुमीच सांगा."

"मी नाही सांगू शकत," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीही नाही. तुम्हीच त्याला विचारा. पण त्याआधी त्याला नाही म्हणायची मुभा द्या. ती तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही."

आम्ही खोलीत आलो. साहेबरावांची बोटं लगेच आत वळली. दादांनी ते पाहिलं. इतके दिवस मी आजार म्हणून पाहिलेलं त्यांनी एका नजरेत ओळखलं. ते पायथ्याशी थांबले नाहीत. उशाशी गेले आणि खाली फरशीवर बसले. धाकटा वर, थोरला खाली. गयाबाई दचकून उभी राहिली.

"साहेबू, आज म्या थोरला नाय. खरं काय ते सांग. राग धरनार नाय. आयची आन."

मी मध्येच म्हणालो, "दादा, आधी एक विचारा. हा ब्रदर देखणा आहे का?"

दादांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी एक पाऊल मागं सरकलो. डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. दादांनी विचारलं.

साहेबरावांनी डोळे मिटले, उघडले. नजर भावाच्या चेहऱ्यावर. मग दुसऱ्यांदा मिटले.

"आता विचारा," डॉक्टर म्हणाले.

"नळी बसवू का रं?"

दोनदा.

"साहेबू, नीट समजून सांग. बसवू का?"

दोनदा.

दादांनी फरशीवर बसल्या बसल्या कॉटच्या लोखंडाला कपाळ टेकलं. बराच वेळ ते उठले नाहीत. त्यांना उठवायला मी गेलो नाही. त्या दिवशी मी केलेली ती एकच योग्य गोष्ट.

साहेबरावांना घरी नेलं. मास्कचं मशीन बॅटरीसकट दिलं, आणि कफ ओढायचं पायानं चालवायचं सक्शन दिलं, कारण वस्तीवर लाइटचा भरवसा नव्हता. मी जाऊन गयाबाईला सगळं शिकवलं: तोंड कसं साफ करायचं, कुशीवर कसं वळवायचं, धापेचं औषध कधी द्यायचं. मशीनच्या घरघरीला बुजून पहिले काही दिवस मेंढरं मेंढवाड्यातून बाहेर पडेनात. शेवट सोपा झाला असं मी म्हणणार नाही. औषधानं धाप कमी होते, संपत नाही. मास्क लागून नाकावर जखम झाली, ती भरली नाही. पण नंतरच्या फेऱ्यांत एक गोष्ट मी पाहिली. दादा आले तरी बोटं सरळ राहायची. फाइलमध्ये मी ते लिहिलं नाही.

पोळ्याच्या आधी साहेबराव गेले.

या प्रकरणातून मी शिकलो ते एवढंच. पेशंटला प्रश्न विचारण्याआधी खोलीत कोण उभं आहे ते बघावं. आणि पापण्यांची भाषा तपासताना एक असा प्रश्न घालावा ज्याचं उत्तर खात्रीनं नाही येईल. माझा प्रश्न अजून तोच आहे, आणि बायकोसकट कुणीही निकाल बदललेला नाही.

दिवसकार्य झाल्यावर कडुबादादा मशीन परत करायला आले. धुऊन, पुसून, नव्या कापडात गुंडाळून आणलं होतं. चहा नको म्हणाले. जाता जाता दारात थांबले.

"ब्रदर, एक इचारायचं व्हतं. शेवटाला म्या त्याला इचारलं, माझ्यावर राग हाय का रं? त्यानं दोनदा मिटले डोळे."

"बरं," मी म्हणालो.

"आता तुमी या कामातले. म्या समोरच बसलो व्हतो त्याच्या. ते खरं धरायचं ना?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्या तोंडाकडं बघत उभे होते, कापडाचं रिकामं गाठोडं छातीशी धरून.

"हो दादा," मी म्हणालो.

ते समोर उभे होते. मी तरी दुसरं काय म्हणणार होतो?