देवाचा मेंढा

आटपाडीहून माणकोळला येणारी एसटी पुढं कुठंच जात नाही. माण नदीच्या खोऱ्यातलं हे आडवळणाचं गाव. जन्मभर उन्हाळ्यात कोरडी पाहिलेली नदी हल्ली उपसा योजनेच्या पाण्यानं भर वैशाखात वाहते. सगळं गाव हरखलं. रंगुबाईनं मात्र ते पाणी आधी कुत्र्याला पाजलं आणि कुत्रं धडधाकट राहिलेलं बघूनच घागर भरली.

बाई पहिल्यापासून अशीच संशयी. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो, ही पाणीही फुंकून प्यायची. पण नवरा वारल्यावर मेंढरं कृष्णाकाठच्या रानारानांतून तिनं एकटीनं हिंडवली. कुणावरही विसंबली असती तर एक शेपूट उरलं नसतं, हेही खरंच.

अशा घरातून मेंढा गेला. तोही बिरोबाच्या नावानं सोडलेला, ज्याची लोकर कातरत नाहीत आणि ज्याला बाजार दाखवत नाहीत. दावं तुटलेलं नव्हतं, नीट सोडलेलं होतं. म्हणजे चोर घरचाच. घरात लेक धुळा आणि सून सोनम. रंगुबाईला विचार करावा लागलाच नाही. सोनम विट्याची, लोकरीच्या वासानं नाकाला पदर लावणारी. "एवढा मेंढा नुस्ता पोसायचा?" असं ती एकदा म्हणालीही होती.

"भंडारा उचलायचा," रंगुबाईनं फर्मावलं. "जी उचलनार न्हाई, तिनं माहेरची वाट धरायची."

बिरोबाच्या देवळात पुजारी बिराप्पानं भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची परात पुढं ठेवली. तो हातात घेऊन खोटं बोललं की वंश बुडतो, असं इथले मेंढपाळ मानतात. शपथ एवढीच असते, 'मी घेतला न्हाई.' रंगुबाईचं तेवढ्यावर भागेना. तिनं पुढं जोडलं, "आन कुनी घेतला ते ठावं न्हाई, ह्ये बी म्हनायचं."

धुळानं मूठ भरली, दोन्ही वाक्यं घडाघडा म्हटली आणि बाजूला झाला. सोनमनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"बघा!" रंगुबाई कडाडली. "भर पिशवी!"

"पोरी, का अडलीस?" बिराप्पानं विचारलं.

सोनमचे डोळे भरले होते. "मी घेतला न्हाई, ह्यावर आत्ता उचलते. पन फुडलं मला म्हनता यायचं न्हाई, आत्याबाई."

रंगुबाईनं लेकाकडं पाहिलं. तो पिवळा तळहात पँटीला पुसत होता. उभ्या जन्मात तिनं सगळ्यांवर संशय घेतला, एक तेवढा सोडून.

तिनं चिमूटभर भंडारा सोनमच्या कपाळाला लावला. धुळानंही कपाळ पुढं केलं, तेव्हा तिनं उरलेला परातीत झटकला.

"चल घरी," ती सुनेला म्हणाली.

वाटेत सोनमनं बाटली दिली, तेव्हा ती न फुंकता घटाघटा पाणी प्याली. घरी धुळानं स्वतः चहा करून आईपुढं ठेवला. रंगुबाईनं बशी भरली आणि कुत्र्याला हाक मारली.